कोल्हापूर–नागपूर हवाई अंतर

महाराष्ट्राच्या नैर्ऋत्य आणि ईशान्य टोकांकडील दोन विमानतळांमधील सरळ अंतर. उजळाईवाडी येथील छत्रपती राजाराम महाराज विमानतळ ते सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे अंतर सुमारे 700 किमी, म्हणजे साधारण 380 सागरी मैल भरते. नकाशावर ही रेघ पंढरपूर, अंबाजोगाई आणि यवतमाळ यांच्या अगदी जवळून जाते. तिचा मध्य अंबाजोगाई आणि परभणी यांच्या दरम्यान येतो.

जमिनीवरून इतके सरळ जाता येत नाही. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ या रस्त्याने अंतर 800 किमीच्या पुढे जाते. रेल्वेचा वळसा तर थक्क करणारा आहे. कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा फेरा घेऊन नागपुरात पोहोचते, तोवर तिने 1,200 किमीच्या आसपास मजल मारलेली असते आणि जवळजवळ अख्खा दिवस-रात्र गेलेला असतो. राज्याची हद्द न ओलांडता इतका लांब पल्ला गाठणारी गाडी म्हणून तिचे कौतुक होते. खरे तर तो रेल्वेजाळ्यातल्या उणिवेचा पुरावा आहे. ब्रिटिश काळातले मुख्य मार्ग मुंबई बंदराकडे माल नेण्यासाठी आखले गेले. नागपूरची लाइन 1867 मध्ये तशीच आली. दक्षिण आणि उत्तरेकडचे मार्ग जोडणारा दौंड–मनमाड दुवा 1878 चा, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस आजही त्याच दुव्यावरून जाते.

उड्डाणाचा वेळ विमानावर ठरतो. ताशी सुमारे 500 किमी वेगाच्या एटीआर-72 ला हवेत दीड तासाच्या आसपास लागतो, जेट विमानाला साधारण एक तास. वेळापत्रकातला आकडा मात्र याहून मोठा असतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागी उभे राहीपर्यंतचा धरतात. हिवाळ्यात वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरकडे जाणे किंचित लवकर आटोपते आणि परतीला तेवढाच उशीर होतो. थेट विमान नसेल आणि मुंबईत विमान बदलावे लागले, तर हवेतलेच अंतर जवळपास 1,000 किमी होते. शिवाय मधला थांबा वेगळा.

दोन्ही विमानतळांचा पिंड वेगळा. कोल्हापूरचा 1939 मध्ये राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला. त्याची धावपट्टी बरीच वर्षे 1,370 मीटरचीच होती, म्हणून तेथे छोटी विमानेच उतरू शकत. पुढे ती वाढवण्यात आली. नवे टर्मिनल मार्च 2024 मध्ये खुले झाले. नागपूरची धावपट्टी 3,200 मीटरची. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत.

हवाई रेघेशी बऱ्याच अंशी समांतर असा जमिनीवरचा मार्ग आखण्याचा सर्वांत ठळक प्रस्ताव म्हणजे वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंतचा सुमारे 802 किमीचा शक्तिपीठ महामार्ग. भूसंपादनाला शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि त्याची धार सर्वांत तीव्र होती ती कोल्हापूर जिल्ह्यात.