तळेगांव : ग्रामनाम, आडनांव व किताब

जुने रुमाल सोडून कागदांची यादी करतांना नुसतें ‘तळेगांव’ आढळलें, कीं तो कागद मावळांतील दाभाड्यांचा, असें धरून चालण्याची संवय संग्राहकांस जडलेली आहे. ती आम्हांस धोक्याची वाटते. कारण कागद एकदां भलत्या रुमालांत बांधला गेला म्हणजे तो शोधणाऱ्यास बहुधा पुन्हां सांपडत नाहीं.

तळें असलेलें तें तळेगांव. तळें शब्दाचें मूळ संस्कृत ‘तडाग’. अर्थ इतका साधा, म्हणूनच घोटाळा. लोणावळ्याहून पुण्याकडे येतांना वडगांवानंतर लागतें तें तळेगांव दाभाडे. शिरूर तालुक्यांत वेळ नदीवरील तें तळेगांव ढमढेरे. संगमनेराकडील तें तळेगांव दिघे. वऱ्हाडांतील तळेगांव दशासर निराळेंच.

विलायतेंत सरदारानें गांवाचें नांव किताबांत घ्यावयाचें. आर्थर वेलस्लीनें सॉमरसेटमधील वेलिंग्टन गांवावरून १८०९ मध्यें किताब घेतला, आणि मग त्या किताबावरून न्यूझीलंडची राजधानी व निलगिरीवरील छावणी यांस नांवें पडलीं. आमच्याकडे वाट उलटी. येथें घराण्याचें आडनांव गांवाच्या नांवापुढें लागतें, आणि किताब असतो तो हुद्द्याचा. खंडेराव दाभाड्यांस शाहू छत्रपतींकडून १७१७ मध्यें सेनापतिपद मिळालें. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळ बाजीरावाशीं लढतांना पडले. पुढें गुजराथचा अंमल गायकवाडांकडे गेला, आणि ‘सेनाखासखेल’ हा किताब, १९४९ त बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत, तेथील राजांच्या नांवाआधीं राहिला. सेनापतिपदाचें तेज गेलें. गांवाच्या नांवांतील दाभाडे मात्र गेले नाहींत.

‘तळेगांवकर’ या आडनांवाची साक्ष तर याहून दुर्बळ. तें घराणें कोणत्या तरी तळेगांवाहून आलें, एवढेंच त्यावरून कळतें. खुद्द दाभाडे कांहीं तळेगांवकर म्हणवीत नाहींत. नांवाच्या साम्यानें किती फसावें, यास ‘मावळंकर’ हें उदाहरण पुरें. लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर यांचें घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें गांवचें. मावळाशीं त्या आडनांवाचा संबंध नाहीं.

निर्णय करावा तो शेजारच्या नांवांवरून. १७७९ च्या जानेवारींतील इंग्रजांच्या स्वारीचा कागद घ्या. बोरघाट, कारल्यास पडलेला इष्टुर फांकडा, मग तळेगांव, आणि माघार घेतांना वडगांवचा तह. या रांगेंतील तळेगांवाविषयीं वाद नको. (या वडगांवासही ‘मावळ’ जोडावें लागतें, तें अशाच कारणानें.) परंतु एखादी सुटी पावती किंवा ताळेबंद हातीं आला, आणि त्यांत ना तर्फ, ना नदी, ना शेजारचें गांव, तर यादींत ‘तळेगांव’ एवढेंच लिहावें. ‘दाभाडे’ हा शब्द यादीकारानें पदरचा घालूं नये.