चेनच्या पोटातलं ग्रीस

मोटरसायकलची चेन तांबूस दिसायला लागली की आपण ऑइलची बाटली शोधतो. चेन मरते ती मात्र आतून. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. पिन आणि बुश यांच्यामधली केसभर जागा कोरडी पडली की लोखंडावर लोखंड घासतं. ‘चेन सैल पडली’ म्हणतो, तेव्हा पट्ट्या ताणलेल्या नसतात, सांधे झिजलेले असतात. 118 कड्यांच्या चेनचा प्रत्येक सांधा नुसता 0.1 मिलिमीटर झिजला, तरी चेन 11.8 मिलिमीटरने लांबते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या चेनची एक कडी 12.7 मिलिमीटरची असते, म्हणजे जवळपास अख्खी कडी वाढली. चेन बनवणाऱ्यांची शतकभराची खटपट या केसभर जागेसाठीच चालली आहे.

ही रचना हान्स रेनॉल्डची. स्वित्झर्लंडमधून मँचेस्टरला आलेल्या या तरुणाने 1879 मध्ये सॅल्फर्डमधला जेम्स स्लेटरचा कापड गिरण्यांच्या चेन बनवणारा धंदा विकत घेतला आणि 1880 मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट मिळवलं. आधीच्या चेनमध्ये सगळा भार पट्टीच्या पातळ कडेवर यायचा. बुश आल्यावर तो पिनेच्या लांबीभर पसरला. झीज कितीतरी पटीने कमी झाली. आजही तुमच्या-आमच्या गाडीला हीच चेन असते, मूळ बांधणीत फारसा बदल नाही.

राहिला प्रश्न धुळीचा आणि पाण्याचा. त्याचं पहिलं देखणं उत्तर वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टनच्या सनबीम गाड्यांवर दिसलं. मार्स्टनचा मूळ धंदा पत्र्यावर काळं, चकचकीत लाखकाम करण्याचा, त्यामुळे गंजाशी त्याचं जुनं वैर. त्याने आधी सायकलींना आणि 1912 पासून निघालेल्या मोटरसायकलींनाही चेनभोवती पूर्ण बंद पेटी दिली. हॅरिसन कार्टरच्या कल्पनेवरची ही पेटी ‘लिटल ऑइल बाथ’ नावाने ओळखली गेली. आत थोडं तेल, त्यात बुडत फिरणारी चेन, बाहेरचा चिखल बाहेरच. आपल्याकडे म्हैसूरला बनलेल्या जावा-येझदीची चेनही अशीच पत्र्याच्या आत असायची आणि 1985 ची हीरो होंडा सीडी 100 आली तीही बंद चेन कव्हर घेऊनच. खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर या गाड्या टिकल्या, त्यात त्या पत्र्याचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

उघड्या चेनवाल्यांना मात्र घरीच उपाय करावा लागे. चेन उतरवायची, रॉकेलमध्ये धुवून वाळवायची आणि पसरट डब्यात ग्रॅफाइट मिसळलेलं ग्रीस मंद आचेवर पातळ करून त्यात गुंडाळी करून सोडायची. जरा वेळाने सांध्यांतून बारीक बुडबुडे वर येऊ लागत. पिन-बुशमधली हवा निघून ग्रीस आत शिरतंय, याची ती खूण. बुडबुडे थांबले की चेन तारेला टांगून निथळायची. थंड झाल्यावर ग्रीस आतच आळून बसे. बाहेरून फासलेलं जाड ग्रीस इतक्या आत पोचतच नाही. उलट त्याला धूळ चिकटते आणि जी काळी लुकण तयार होते, ती पॉलिश पेपरसारखी रोलर आणि स्प्रॉकेटचे दात खात राहते.

1969 मध्ये होंडाची सीबी 750 आली आणि हे सगळे उपाय तोकडे पडले. चार सिलिंडर, 67 अश्वशक्ती. सुरुवातीच्या गाड्यांवर चेनला आपोआप तेल पुरवण्याची सोय होती, तरीही चेन तुटून इंजिनाचं आवरण फुटल्याचे प्रकार घडले.

उत्तर तोवर दुसऱ्याच क्षेत्रात तयार होतं. नील्स ख्रिस्टेनसेन या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या यंत्रज्ञाने वयाच्या 72 व्या वर्षी, 1937 मध्ये, गोल रबरी कड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. 1939 मध्ये ते मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ओ-रिंग सर्रास वापरली गेली. हेच कडं चेनच्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांमध्ये बसवण्याची युक्ती 1971 च्या सुमारास हार्टफर्डच्या व्हिटनी चेन कंपनीत काम करणाऱ्या जोसेफ मोंटानोच्या नावावर आहे. कारखान्यातच पिन-बुशमध्ये ग्रीस भरायचं आणि दोन्ही टोकांना रबराने बंद करायचं. शंभर वर्षं जे ग्रीस वरून आत ढकलायची धडपड होती, ते आता आतच राहू लागलं. पुढे घर्षण कमी करणारी एक्स-रिंग आली, तरी तत्त्व तेच.

पण रबराच्या आतलं ग्रीस पिनेपुरतंच. रोलरच्या बाहेरच्या अंगाला, पट्ट्यांना आणि खुद्द रबराला वरून तेलाचा पातळ हात लागतोच. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत तर तो लवकर लवकर लागतो. तुमच्या गाडीला ओ-रिंग चेन असेल, तर तिला पेट्रोलने धुऊ देऊ नका, वायर ब्रश लावू देऊ नका आणि वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा थेट चेनवर मारू देऊ नका. रबर एकदा फाटलं की आतलं ग्रीस परत भरता येत नाही, चेन बदलावीच लागते.