हृदयभित्तीचे गतिदोष : न्यूक्लियर स्कॅनमधील प्रतिमा-पुनर्रचना

हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत ठोक्यागणिक सर्वत्र सारखी आत ओढली जाते की एखादा भाग मागे राहतो, हे शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याच्या चित्रांवरून ठरवण्याच्या पद्धती. द्रव्य बहुधा टेक्नेशियम-९९एम (अर्धायुष्य सुमारे ६ तास). गॅमा किरण मोजकेच हाती लागत असल्याने एका ठोक्यात चित्र उमटत नाही. म्हणून ईसीजीतील आर-लाटेपासून प्रत्येक ठोक्याचे ८, १६ किंवा २४ भाग पाडतात आणि शेकडो ठोक्यांतील त्या-त्या क्रमांकाचे भाग एकत्र मिळवतात. नाडी अनियमित असल्यास ही बेरीज बिघडते.

रक्तसाठा-चित्रण (म्यूगा) : यात टेक्नेशियम तांबड्या पेशींना जोडतात, भिंत नव्हे, आतले रक्त दिसते. प्रत्येक बिंदूवरील गणनांचा चढउतार एका कोसाइन लाटेत, म्हणजे फूरिये श्रेणीच्या पहिल्या घटकात, बसवतात. लाटेच्या आयामावरून हालचाल किती ते कळते, कलेवरून (फेज) ती केव्हा. अलिंदे व निलये आळीपाळीने रिकामी होतात, म्हणून कलांच्या आलेखात साधारण १८०° अंतरावर दोन शिखरे येतात. झटक्याने मृत झालेल्या भागाचा आयाम शून्याजवळ जातो. फुगा धरलेला भाग मात्र निलय आकुंचन पावताना बाहेर येतो. त्याचे बिंदू निलयाचे शिखर सोडून थेट अलिंदांच्या शिखरात जाऊन बसतात. फिरते चित्र पाहून दोन डॉक्टरांनी दोन मते देण्यापेक्षा हा आलेख केव्हाही बरा.

गेटेड स्पेक्ट : यात रक्ताऐवजी भिंतच दिसते. कॅमेरा छातीभोवती बहुधा १८०° फिरतो आणि प्रक्षेपांवरून काप रचले जातात. जुनी रीत गाळून मागे प्रक्षेपण करण्याची. तिच्यातील उताराच्या आकाराचा गाळक जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या १९७१ च्या निबंधावरून ‘राम-लक’ म्हणून ओळखला जातो. रेडिओ-खगोलशास्त्रात ब्रेसवेल व रिडल यांनी तशीच युक्ती १९६७ मध्ये मांडली होती. हा गाळक बारीक तपशील उचलतो, त्यासोबत गोंगाटही. ठोक्याचे ८ भाग केल्यावर प्रत्येक चित्राला एक अष्टमांशच गणना मिळतात, तेव्हा बटरवर्थ गाळकाने चित्र मऊ करणे भागच पडते. फार मऊ केले की भिंत जाड व पोकळी लहान दिसते. छोट्या हृदयाचा, विशेषतः स्त्रियांचा, ईएफ (निलयातील रक्तापैकी ठोक्यागणिक बाहेर पडणारा वाटा) त्यामुळे खोटा वाढतो. भिंत कॅमेऱ्याच्या विभेदनक्षमतेहून फारशी जाड नसल्याने ती जाड होताना उजळ दिसते, आणि हा दोषच जाडी मोजण्यास उपयोगी पडतो. बायपासनंतर दोन निलयांमधल्या पडद्याची हालचाल उलटी दिसली तरी उजळणे शाबूत असू शकते. म्हणून दोन्ही पाहावे.

काप रचण्याच्या पुनरावृत्तीच्या पद्धती (शेप व वार्डी, १९८२, हडसन व लार्किन यांची जलद आवृत्ती, १९९४) आता रूढ आहेत. गतिदोषाच्या निदानात त्या कितपत सरस, याविषयी एकवाक्यता नाही.

मुंबई परिसर : भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ मध्ये सुरू झाले. तुर्भ्याच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याने केलेल्या मॉलिब्डेनमची (टेक्नेशियम त्याच्याच क्षयातून मिळते) विशिष्ट क्रियाशीलता कमी असल्याने त्यातले टेक्नेशियम मिथिल-इथिल-कीटोनने वेगळे काढीत : वरचा थर खेचून घ्यायचा, द्रावक उडवायचा, उरलेले सलाइनमध्ये विरघळवायचे. सकाळच्या या खटपटीवर दिवसभराचे स्कॅन अवलंबून असत. पुढे स्तंभ-जनित्रेही आली. पुरवठा वाशीच्या ‘ब्रिट’ या संस्थेकडून होतो.

किरणोत्सर्गाची मात्रा : पाहा किरणोत्सर्ग-संरक्षण.

उपचार : पाहा हृद्विकार.