सम्प्चुअरी : चैनीला वेसण घालणारे विशेषण

इंग्रजीत ‘सम्प्चुअरी’ हे विशेषण क्वचितच भेटते, आणि भेटलेच तर बहुधा कायद्याच्या सोबतीने. अर्थ : खर्चावर, विशेषतः चैनीवर, निर्बंध घालणारा. मुळाशी लॅटिन ‘सुम्प्टुस’, म्हणजे खर्च. गंमत अशी, की थाटमाट सुचवणारा ‘सम्प्चुअस’ हा शब्दही त्याच मुळातून फुटलेला.

इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत हॅनिबलने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला. पुढच्याच वर्षी रोममध्ये ओप्पियसचा कायदा आला : स्त्रीने अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये, रंगीबेरंगी वस्त्रे नेसू नयेत, धर्मविधीखेरीज शहरात गाडीत बसू नये. युद्ध २०१ मध्ये संपले. कायदा मात्र तसाच राहिला. १९५ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव येताच, मताधिकार नसलेल्या स्त्रिया फोरमकडे जाणाऱ्या वाटा अडवून उभ्या राहिल्या. कॉन्सल केटोने कडाडून विरोध केला. (लिव्हीने दिलेले त्याचे भाषण बहुतांशी लिव्हीचेच असावे.) प्रस्ताव रोखू पाहणाऱ्या दोन ट्रिब्यूनांच्या घरांना स्त्रियांनी वेढा घातला, तेव्हा त्यांनी माघार घेतली. वीस वर्षांचा निर्बंध उठला.

निर्बंधांची हौस मात्र फिटली नाही. इ.स.पू. १६१ च्या फॅनियसच्या कायद्याने मेजवानीत पक्ष्यांपैकी एकच कोंबडी, तीही खास न पोसलेली, एवढीच मुभा ठेवली. प्लिनी सांगतो, की कायद्यात कोंबडीचाच उल्लेख असल्याचे हेरून लोक दुधात भिजवलेले खाद्य चारून कोंबडे पोसू लागले.