उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू : खाऱ्या पाण्यातील क्षरण व निष्क्रियता

साधारणतः पाच किंवा अधिक धातू जवळपास सारख्या प्रमाणात एकत्र वितळवून तयार केलेले मिश्रधातू. पोलादात लोखंड किंवा पितळेत तांबे प्रमुख असते, तसा यांत एकही धातू प्रमुख नसतो. तैवानमधील ज्येन-वेइ येह आणि इंग्लंडमधील ब्रायन कँटर यांचे यावरील संशोधन २००४ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन यांनी २००३ मध्येच ‘करंट सायन्स’मधील लेखात या कल्पनेची दखल घेतली होती.

यांतील बरेच मिश्रधातू खाऱ्या पाण्यात टिकतात ते मुख्यतः क्रोमियममुळे. क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बसतो व धातूचे विरघळणे जवळजवळ थांबते. या अवस्थेला निष्क्रियता म्हणतात. स्टेनलेस स्टीलही याच थरावर टिकते. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड आयन मात्र हा थर जागोजाग फोडतात. फुटलेल्या जागी विरघळलेल्या धातूचे आयन पाण्याशी विक्रिया करून आम्ल निर्माण करतात, आणखी क्लोराइड आत ओढले जाते आणि खड्डा आपोआप खोल होत जातो. बाकीचा पृष्ठभाग चकचकीत राहिल्यामुळे हे छिद्री क्षरण उशिरा लक्षात येते.

घटकांची संख्या वाढली म्हणजे टिकाऊपणा वाढला, हा समज चुकीचा आहे. कोबाल्ट, क्रोमियम, लोखंड, मँगॅनीज व निकेल यांच्या समप्रमाणातील ‘कँटर मिश्रधातू’त वजनाने सुमारे १८.५ टक्के क्रोमियम असते, म्हणजे ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलइतकेच. तरीही अनेक चाचण्यांत तो ३०४ पेक्षा कमी पडला आहे. मँगॅनीजची ऑक्साइडे थरात शिरतात व त्यातील क्रोमियमचा वाटा घटतो. मँगॅनीज वगळल्यास उरलेल्या चौकडीतील क्रोमियम २३ टक्क्यांवर जाते आणि क्षरणरोधही सुधारतो.

खरा प्रश्न क्रोमियम किती आहे याइतकाच ते कुठे आहे, हा असतो. काही मिश्रधातूंत तांबेही असते; त्याचे लोखंड, क्रोमियम व कोबाल्ट यांच्याशी जमत नाही. ओतीव धातू थिजताना तांबे वृक्षिकांच्या, म्हणजे फांद्यांसारख्या स्फटिकांच्या, मधल्या जागेत साचते व तेथे क्रोमियमचा तुटवडा पडतो. मिठाच्या पाण्यात क्रोमियमयुक्त वृक्षिका शाबूत राहतात, तर त्यांच्यामधील तांब्याचे पट्टे खाल्ले जातात. ॲल्युमिनियम वाढवल्यासही असेच घडते : ॲल्युमिनियम-निकेलची, क्रोमियम कमी असलेली प्रावस्था (वेगळ्या घडणीचा भाग) वेगळी होते आणि क्षरण तिच्यापासून सुरू होते. अशी विषमता काही मिश्रधातूंत उच्च तापमानाला दीर्घकाळ तापवून कमी करता येते.

मॉलिब्डेनम छिद्री क्षरणाला चांगला अटकाव करते. मात्र ते प्रमाणाबाहेर झाल्यास क्रोमियम व मॉलिब्डेनमने समृद्ध अशी ठिसूळ सिग्मा प्रावस्था तयार होते आणि तिच्या आसपासचा भाग या दोन्ही घटकांना मुकतो.

बहुतेक निष्कर्ष ३.५ टक्के सोडियम क्लोराइडच्या द्रावणात, विद्युत्-विभव क्रमाने वाढवत घेतलेल्या अल्पकालीन चाचण्यांवर आधारलेले आहेत. समुद्रात सल्फेट, सूक्ष्मजीवांचे थर, शिंपले आणि फटींत अडकलेले पाणीही असते. त्यामुळे प्रयोगशाळेतील आकड्यांवरून थेट जहाजाच्या भागाचे आयुष्य ठरवता येत नाही.