जास्त कर भरणाऱ्यांच्या गरीब शाळा

अमेरिका म्हटली की श्रीमंती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या देशात बारावीपर्यंतचे शिक्षण सरकारी शाळांत फुकट मिळते आणि बहुसंख्य मुले त्याच शाळांत जातात, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण ‘सरकारी’ ह्या शब्दाने आपली फसगत होण्याचा संभव आहे. आपण सरकार म्हणतो तेव्हा मुंबई किंवा दिल्ली आपल्या मनात असते. अमेरिकेतली शाळा वॉशिंग्टनची नसते, आणि कित्येक बाबतींत ती राज्याच्या राजधानीचीही नसते. ती असते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ची. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे बरं का. तो केवळ शाळांसाठी आखलेला टापू असतो. कधी एखाद्या गावाएवढा, तर कधी मोठ्या शहराच्या एका कोपऱ्याएवढा. त्याचे स्वतःचे शाळामंडळ असते, आणि बहुतेक ठिकाणी ते लोकांनी निवडून दिलेले असते. हे मंडळ अधीक्षक नेमते, शिक्षक ठेवते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि पुष्कळ राज्यांत घराजमिनींवर शाळेसाठी कर बसवते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींचा पगार मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येतो. तिथे त्या पगाराचा मोठा हिस्सा शेजारपाजारच्या घरांवरील करातून येतो, हा फरक प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

हा टापू आणि हा कर ह्या दोन गोष्टींतून केवढा मोठा प्रश्न उभा राहिला, आणि तो अजून पुरता का सुटलेला नाही, हे टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहराच्या उदाहरणाने मला सांगावयाचे आहे.

आधी थोडे मूळ पाहू. १६४७ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने एक कायदा केला. ज्या गावात पन्नास घरे असतील त्याने लिहिणे-वाचणे शिकविणारा एक शिक्षक ठेवावा, आणि शंभर घरे असतील त्याने व्याकरणशाळा काढावी, असा तो कायदा होता. बायबल प्रत्येकाला वाचता यावे, हा त्यामागचा मुख्य हेतू. हुकूम वसाहतीचा, पण शिक्षक ठेवायचा आणि पोसायचा गावाने! पुढे १८३७ साली होरेस मान त्याच राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस झाले आणि सर्वांसाठी सार्वजनिक शाळा ह्या कल्पनेचा त्यांनी हिरिरीने प्रचार केला. तरीही पैशाची मुख्य जबाबदारी गावावरच राहिली. १९१९-२० साली देशातील सार्वजनिक शाळांच्या उत्पन्नापैकी सुमारे ८३ टक्के रक्कम स्थानिक होती. १९३९-४० साली असे डिस्ट्रिक्ट होते सुमारे १,१७,०००! पुढे लहान डिस्ट्रिक्ट एकमेकांत मिसळत गेले आणि आज ते १३,००० च्या आसपास उरले आहेत.

गावात गिरणीवाला आणि मजूर एकाच टापूत राहत होते, तोपर्यंत ही व्यवस्था बऱ्यापैकी चालली. गिरणीवाल्याच्या करातून मजुराचाही मुलगा शिकत असे. परंतु विसाव्या शतकात माणसे पांगली. विशेषतः १९४५ नंतर सुस्थितीतील कुटुंबे शहर सोडून उपनगरांत गेली. घरासाठी कर्ज मिळावे म्हणून केंद्र सरकारने हमी दिली. पण ती देताना कृष्णवर्णीय वस्त्या ‘धोक्याच्या’ ठरवून बाजूला टाकल्या. कित्येक खरेदीखतांतच अट असे की, हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकू नये. मग झाले काय? मालमत्ता एका रेषेच्या अलीकडे आणि मुले रेषेच्या पलीकडे, अशी वाटणी झाली. शाळेचा टापू मात्र तसाच राहिला.

आता सॅन अँटोनिओकडे वळू. त्या महानगरात सात डिस्ट्रिक्ट होते. त्यांपैकी दोघांचा हिशेब पुढे न्यायालयात मांडला गेला, आणि तो पाहण्यासारखा आहे. एक एजवुड, शहराच्या मध्यभागातली कामगारवस्ती. तिथे २५ शाळा आणि सुमारे २२,००० मुले. त्यांतली ९० टक्के मेक्सिकन वंशाची, सहा टक्क्यांहून थोडी अधिक कृष्णवर्णीय. वस्तीत कारखाने नाहीत, मोठ्या पेढ्या नाहीत. दुसरा अलामो हाइट्स, सुखवस्तू लोकांचे निवासी उपनगर. तिथे ६ शाळा, ५,००० मुले, बहुतेक गोरी. १९६७-६८ साली एजवुडमध्ये दर मुलामागे करपात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची. अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक.

इथे कोणी म्हणेल, गरिबांनी थोडा जास्त कर भरावा, दुसरे काय! पण तो तर ते भरतच होते. एजवुडचा दर होता शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट, आणि साऱ्या महानगरात तोच सर्वांत चढा होता. अलामो हाइट्सचा दर फक्त ८५ सेंट. राज्याच्या योजनेत भरावयाचा स्थानिक वाटा वजा जाता एजवुडच्या हाती दर मुलामागे उरले २६ डॉलर. अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्याकडून एजवुडला २२२ डॉलर मिळाले, अलामो हाइट्सला २२५. म्हणजे गरीब टापूला राज्याची मदत अधिक मिळत असेल, ही आपली समजूतही इथे खोटी ठरते. केंद्र सरकारची मदत तेवढी एजवुडला जास्त होती: १०८ डॉलर, तर अलामो हाइट्सला ३६. सगळे मिळून एजवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर खर्ची पडत होते आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४.

ह्या आकड्यांचा वर्गात काय अर्थ होतो? १९६८-६९ साली अलामो हाइट्सचे सगळे शिक्षक पदवीधर होते. एजवुडचे सुमारे ८० टक्के. एजवुडमधील जवळजवळ निम्मे, म्हणजे ४७ टक्के, शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत होते; अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण होते ११ टक्के. वाचकहो, पुस्तक तेच आणि परीक्षाही तीच. पण एका मुलाला शिकलेला शिक्षक, तर दुसऱ्याला वेळ भागवण्यापुरता नेमलेला. मग निकाल सारखा लागावा कसा?

१६ मे १९६८ रोजी एजवुड हायस्कूलची मुले वर्ग सोडून बाहेर पडली आणि अधीक्षकांच्या कचेरीवर चालत गेली. चांगले शिक्षक द्या, मोडक्या खिडक्या दुरुस्त करा, साधनसामग्री द्या, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. मुलांनी प्रश्न विचारला आणि पालक जागे झाले. त्यांत देमेत्रिओ रॉड्रिगेज नावाचे एक गृहस्थ होते. माजी सैनिक, आणि केली हवाई तळावर पत्र्याचे काम करणारे कामगार. त्यांनी व इतर पालकांनी त्याच उन्हाळ्यात केंद्रीय न्यायालयात दावा लावला. दाव्यात प्रथम सातही डिस्ट्रिक्टना प्रतिवादी केले होते. न्यायालयाने त्यांना वगळल्यावर सॅन अँटोनिओ डिस्ट्रिक्ट उलट पालकांच्याच बाजूने उभा राहिला! पण खटल्याला त्याचे नाव चिकटले ते चिकटलेच.

डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांनी पालकांच्या बाजूने कौल दिला. राज्याने अपील केले आणि २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कौल फिरवला. मते पडली पाच विरुद्ध चार. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी लिहिला. हे स्वतः पूर्वी रिचमंड शहराच्या शाळामंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क सांगितलेला नाही. आपल्या शाळेचा कारभार आपण पाहावा, ही लोकांची इच्छा रास्त आहे आणि स्थानिक कर हे तिचे साधन आहे. शिवाय, जास्त पैसा खर्चल्याने शिक्षण चांगले होतेच असे नाही, ह्याबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही. करपद्धती सुधारायला हवी हे त्यांनी मान्य केले, परंतु ते काम कायदेमंडळाचे, न्यायालयाचे नव्हे, असे ते म्हणाले.

ह्यातला शेवटचा मुद्दा हवेतला नव्हता. १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा मोठा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला होता. मुलाच्या यशापयशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पण अल्पमतातील न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी ह्यावर मोठा मार्मिक सवाल केला. पैशाने जर काहीच फरक पडत नसेल, तर श्रीमंत डिस्ट्रिक्ट हा पैसा टिकवण्यासाठी न्यायालयात एवढे झगडताहेत तरी कशाला? आणि न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी स्थानिक कारभाराच्या मुद्द्याचे वर्मच दाखवले. ज्या टापूत मालमत्ताच नाही, तिथल्या लोकांनी कर वाढवायचे ठरवले तरी हाती काय येणार? निवड करण्याचा अधिकार कागदावर दोघांनाही होता. प्रत्यक्षात तो एकालाच वापरता येत होता.

माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासाचे सार इथे आहे. स्थानिक स्वराज्य ही फार चांगली गोष्ट आहे, पण ते तिजोरीसकट द्यावे लागते. आपल्याकडे १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला होता. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गांतली मुले, हे त्यांनी सरकारला बजावले. कर कोण भरतो आणि त्यातून कोणाचे मूल शिकते, हे दोन प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय शिक्षणाचा हिशेब पुरा होत नाही.

पुढे काय झाले? केंद्रीय न्यायालयाचे दार बंद झाले, तेव्हा लोक राज्यांच्या न्यायालयांकडे वळले. टेक्सासच्या स्वतःच्या राज्यघटनेत विनामूल्य शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था करण्याचे कर्तव्य कायदेमंडळावर टाकलेले आहे. त्या एका शब्दाच्या आधारे एजवुडने १९८४ साली नवा दावा लावला. एव्हाना दर मुलामागची मालमत्ता एजवुडमध्ये ३८,८५४ डॉलर झाली होती आणि अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९ डॉलर. म्हणजे पूर्वी आठपट असलेले अंतर आता चौदापटीहून अधिक झाले होते. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पालकांच्या बाजूने निकाल दिला. मग कायदे झाले, ते रद्द झाले, पुन्हा झाले. अखेर १९९३ च्या कायद्याने श्रीमंत डिस्ट्रिक्टांच्या कराचा काही भाग इतरांसाठी घेण्याची पद्धत सुरू झाली. लोकांनी तिला ‘रॉबिन हूड’ हे नाव दिले. १९९५ साली न्यायालयाने ती मान्य केली.

दुसऱ्या बाजूने कॅलिफोर्नियाचा धडाही सांगितला पाहिजे. तिथल्या न्यायालयाने १९७१ सालीच ही विषमता अमान्य केली होती. पण १९७८ साली मतदारांनी मालमत्ता करावर कडक मर्यादा घातली, आणि शाळांचे उत्पन्न आखडले. पैसा सारखा वाटला जावा आणि तो पुरेसाही असावा, ह्या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात.

आणि पैशाने फरक पडतो का? ह्यावर २०१६ साली जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको ह्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यायालयांच्या अशा निकालांमुळे ज्या डिस्ट्रिक्टांचा खर्च वाढला, तिथली मुले पुढे कशी निघाली हे त्यांनी तपासले. शाळेच्या बाराही वर्षांत खर्च दहा टक्क्यांनी अधिक राहिला, तर गरीब घरची मुले सरासरी सुमारे अर्धे वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली, असे त्यांना आढळले. घरची परिस्थिती महत्त्वाची हे कोलमन यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. पण शाळेवरचा पैसा वाया जातो, असे म्हणणाऱ्यांना मात्र पुन्हा विचार करावा लागेल.

२०१६ सालीच टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची शाळापद्धती सदोष आहे असे म्हणत म्हणत ती घटनेच्या किमान कसोटीला उतरते, असा निर्णय दिला. देमेत्रिओ रॉड्रिगेज तो ऐकायला नव्हते. २०१३ साली ते वारले. त्यांच्या मुलांना खटल्याचा उपयोग झाला नाही, कारण १९८९ चा निकाल लागेपर्यंत त्यांची शाळेची वर्षे केव्हाच सरली होती. शाळेच्या बाबतीत उशिरा मिळालेला न्याय नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाला मिळतो. म्हणून शाळांचे अंदाजपत्रक दरवर्षी, वेळच्या वेळी आणि डोळसपणे तपासणे हे नागरिकांचे काम आहे, मग ते सॅन अँटोनिओचे असोत की आपल्या तालुक्याचे.