एक वसई, तीन नावे : जुन्या दप्तरांत गाव कसे शोधावे?

१/ डिजिटल अभिलेखागारात 'वसई' शोधून काही हाती लागले नाही, म्हणून साधनेच नाहीत असा निष्कर्ष काढू नये. गाव तेच असते. लिहिणारा बदलला की नाव बदलते.

२/ १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांच्या कागदांत ती 'बासाईं' झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मराठी पत्रांत ती वसईच. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये केलेला तह मात्र इंग्रजी दप्तरात 'बेसीन'चा ठरला.

३/ पण नुसते 'बेसीन' शोधणेही फसवे. ब्रह्मदेशातील आजच्या पाथेनलाही इंग्रज 'बेसीन'च म्हणत आणि १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. एकाच दप्तरात दोन बेसीन!

४/ म्हणून नावाला परिसराची जोड द्यावी. साष्टीसाठी 'सालसेट', ठाण्यासाठी 'टान्ना' ही तत्कालीन इंग्रजी रूपे सोबत टाकावीत. 'इरावती' असलेल्या नोंदी वगळाव्यात. सालांची मर्यादाही घालावी.

५/ शोधयंत्र अक्षरे जुळवते. ती अक्षरे कोणत्या काळाची, हे अभ्यासकालाच ठाऊक असावे लागते. तुमच्या गावाची जुनी रूपे कोणती?